दोन प्रोसेस एकाच डेटाबेसवर घुसू नयेत म्हणून लॉक कुठला घ्यायचा

लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे चालणारा डेटाबेस लिहिताय आणि एका डेटा फोल्डरवर एका वेळी एकच प्रोसेस हवीये, तर स्पीडचं नंतर बघू, आधी हे सांगा की लॉक धरून बसलेली प्रोसेस मेली तर तो लॉक सोडणार कोण? उत्तर 'कर्नल', म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असेल तरच पुढे जायचं.

इथेच बरेच गळतात. पीआयडी फाइल घ्या, म्हणजे चालू प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेली फाइल, मशीन रीबूट झालं, फाइल तशीच पडलेली, तो नंबर आता भलत्याच प्रोसेसला मिळालाय आणि तुमचा डेटाबेस म्हणतो मी तर ऑलरेडी चालू आहे! पोस्टग्रेस या डेटाबेसकडे पण अशी फाइल असते, पण ते फक्त तिच्यावर विसंबत नाही, जुन्या शेअर्ड मेमरीला (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी) अजून कोणी चिकटलंय का तेही बघतं. नेम्ड पॉसिक्स सेमाफोर (प्रोसेसमध्ये नावाने शेअर होणारा काउंटर, लॉकसारखा वापरतात) बाद, क्रॅशनंतर तो कोणी सोडवत नाही. रोबस्ट म्यूटेक्स (धरणारा मेला तर पुढच्याला तसं कळवणारा लॉक) लिनक्सवर झकास पण मॅकवर नाहीच.

मग राहिले फाइल लॉक. यात एफसीएनटीएल (fcntl) या सिस्टिम कॉलच्या लॉकचा एक नियम डोकं फिरवणारा आहे, लॉक प्रोसेसच्या नावावर असतो, त्यामुळे त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या कुठल्या लायब्ररीने तीच फाइल नुसती उघडून बंद केली तरी तुमचा लॉक गेला, एरर वगैरे काही येत नाही. एसक्यूलाइट हा एका फाइलमधला डेटाबेस याचसाठी लॉक असेपर्यंत फाइल बंद करणं लांबवतं. फ्लॉक (flock) या दुसऱ्या कॉलला ही भानगड नाही, फक्त तो फोर्क केलेल्या चाइल्डकडेही, म्हणजे प्रोसेसने बनवलेल्या तिच्या कॉपीकडेही जातो, म्हणून बाहेरचे प्रोग्राम चालवत असाल तर क्लोझ-ऑन-एक्झेक (नवा प्रोग्राम सुरू होताना फाइल आपोआप बंद करणारा फ्लॅग) लावाच. लिनक्स ३.१५ पासून ओएफडी लॉक (प्रोसेसऐवजी उघडलेल्या फाइलच्या नावावर असणारे) पण आहेत, चांगले आहेत, पण तिन्हीकडे चालायचंय ना.

विंडोजचा लॉकफाइलएक्स (LockFileEx) वेगळाच, एक्सक्लूसिव्ह लॉक केलेले बाइट दुसऱ्या प्रोसेसला वाचताही येत नाहीत. एसक्यूलाइट म्हणूनच १ जीबीच्या जागेवरचे बाइट लॉक करतं आणि तिथल्या पेजमध्ये डेटा ठेवतच नाही.

माझं मत, वेगळी रिकामी लॉक फाइल, लिनक्स-मॅकवर फ्लॉक, विंडोजवर लॉकफाइलएक्स, दोन्ही नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे लॉक मिळाला नाही तर वाट न बघता लगेच परत येणारे. आणि बाहेर पडताना ती फाइल डिलीट करायची नाही म्हणजे नाही, कारण 'ब' ने फाइल उघडलीये, तेवढ्यात 'अ' ने डिलीट करून लॉक सोडला, 'ब' ला लॉक मिळाला पण गायब झालेल्या फाइलवर, 'क' ने त्याच नावाची नवीन बनवून तिच्यावर घेतला, झाले दोघे मालक.

डेटा एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर) ठेवू नका, ठेवलाच तर लिनक्सवर एक्सक्लूसिव्ह फ्लॉकसाठी फाइल राइट मोडमध्येच उघडा.

टेस्ट सोपी आहे, लिहिणं चालू असताना किल -९ मारा (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड) आणि लगेच दुसरी प्रोसेस सुरू करा. विंडोजवर मेलेल्या प्रोसेसचा लॉक सुटायला कधीकधी वेळ लागतो, तर लगेच एरर फेकू नका, थोडं थांबून परत ट्राय करा.