परवानगीशिवाय चरित्र लिहायचं असेल तर

गोव्यातल्या पॉप गायकाचं चरित्र लिहायला निघालात, तर नकार सहसा गायकाकडून येत नाही. तो मॅनेजरकडून येतो, आणि गोडीत येतो. ‘सर सध्या टूरवर आहेत, डिसेंबरनंतर बघूया.’ डिसेंबरनंतर म्हणजे नाताळ, नवीन वर्ष, लग्नांचा मोसम, मग कार्निव्हल, मग कोरेजमचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस. थोडक्यात, नाही. मलाही हेच उत्तर मिळालं होतं. ज्या गायकावर मी काम करते आहे त्याचं नाव इथे घेत नाही, पुस्तक अजून छापून व्हायचं आहे.

या नकारानं हातपाय गाळू नका. परवानगी मिळालेल्या चरित्रकाराला घरचा अल्बम मिळतो, आईची मुलाखत मिळते, आणि बहुतेक वेळा ‘हे प्रकरण नको’ असा निरोपही मिळतो. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचं प्रकरण प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये, पुस्तक छापून होण्याच्या कितीतरी आधी, त्यानं आपलं चरित्र परवानगीशिवाय लिहिणाऱ्या किटी केलीवर २० लाख डॉलरचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी तो मागे घेतला, आणि १९८६ मध्ये पुस्तक बाजारात आलं. आपल्याकडे डॉलर नाहीत आणि सिनात्राही नाही, पण जीव घाबरा होतो तो तसाच.

गायकाचा उदय लिहायला गायक लागतोच असं नाही. लागतात ती त्याच्या आजूबाजूची माणसं आणि तारखा असलेले कागद. माणसं आठवणी सांगतात; त्या कुठल्या क्रमानं घडल्या ते कागदच सांगतो. या कामात निम्मं भांडण क्रमाचं असतं. आधी हिट गाणं की आधी मुंबई? आधी बँड सोडला की आधी सोलो कॅसेट आली? गायक प्रसिद्ध झाल्यावर जो तो ‘त्याला पहिला चान्स मीच दिला’ म्हणू लागतो. मला असे पहिले चान्स देणारे इतके भेटले की त्यांचाच एक बँड उभा राहिला असता.

सुरुवात पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातून करा. संस्था १८३२ पासूनची आहे, इमारत नवी आहे. तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मागा. मी डिचोलीची, मराठी पेपर वाचत मोठी झाले, त्यामुळे माझा हात आधी मराठी फायलींकडे गेला. तिथे नाटक, भजन, जत्रा सगळं मिळतं. डान्स आणि बीट शो, म्हणजे बँडचे पॉप गाण्यांचे कार्यक्रम, फारसे मिळत नाहीत. ते इंग्रजी पेपरात आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत. गायक सत्तरच्या दशकातला असेल तर आणखी एक अडचण: ‘ओ हेराल्डो’ १९०० मध्ये पोर्तुगीजमध्ये सुरू झालं आणि १९८३ मध्ये इंग्रजी झालं, तेव्हा त्याआधीच्या अंकांसाठी पोर्तुगीज वाचणारं कुणीतरी सोबत हवं. रोमी कोंकणी मात्र स्वतःच शिका. घरी कोंकणी बोलणाऱ्याला रोमन लिपीत ती वाचायला थोडा सराव पुरतो, आणि मग तियात्राच्या, म्हणजे गाण्यांच्या कोंकणी नाटकांच्या जाहिराती, कॅसेटींची कव्हरं, जुनी हँडबिलं सगळं उघडतं.

बातम्यांपेक्षा जाहिराती बघा. बातमी ज्याची चलती आहे त्याचीच येते. जाहिरात पैसे मोजून दिलेली असते, म्हणून ती जास्त खरं बोलते. माझ्या गायकाचं नाव पहिल्यांदा सापडलं ते नाताळाच्या एका डान्सच्या जाहिरातीत, अगदी तळाला, बँडच्या नावाखाली बारीक अक्षरात. काही अंक पुढे गेल्यावर ते बँडच्या नावाच्या ओळीत आलं. मग वर गेलं. मग फोटो आला. शेवटी बँडचंच नाव बारीक झालं. या जाहिरातींच्या झेरॉक्स टेबलावर ओळीनं मांडल्या आणि माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा सांगाडा समोर आला. तिकिटाचा दर आणि हॉलचं नावही टिपून ठेवा. गावातल्या शाळेच्या पटांगणापासून मडगावच्या मोठ्या हॉलपर्यंतचा प्रवास त्यातच दिसतो.

मग माणसं. आधी ड्रमर, बासिस्ट, साउंडवाला आणि व्हॅनचा ड्रायव्हर गाठा. पुढे उभ्या असणाऱ्यांपेक्षा मागे बसणाऱ्यांना जास्त दिसलेलं असतं. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यात एका म्हाताऱ्या ड्रमरकडे मी गेले. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसलो, चहा आला, मी रेकॉर्डर ठेवला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, ‘बाय, तें मशीन बंद कर मगो.’ बंद केलं. तरी फार बोलले नाहीत. शेवटी त्यांच्या बायकोनं आतून एक जाड वही आणून माझ्या मांडीवर ठेवली: लग्नाच्या बुकिंगची वही. तारीख, हॉल, ॲडव्हान्स, आणि त्या रात्री कुणी कुणी वाजवलं, कुणाला किती दिले. सुरुवातीच्या पानांवर माझ्या गायकाचं नावच नाही. ‘नवो भुरगो’, म्हणजे नवा पोरगा, एवढंच, पुढे रक्कम, ड्रमरच्या निम्म्याहून कमी. पुढल्या मोसमात नाव आलं. त्यानंतर त्याची रक्कम सगळ्यांच्या वर गेली. मग एका मे महिन्यानंतर नाव नाही ते नाहीच. मुलाखतींतून गायक सांगतो की किनाऱ्यावरच्या एका रात्रीत नशीब फळफळलं. वही सांगते, त्या रात्रीआधी कित्येक लग्नांत तो हाच गळा घेऊन उभा होता. अशा पानाचा फोटो काढताना मालकाची लेखी संमती घ्या. वहीत इतर वादकांचेही पैसे आहेत, ते छापू नका.

ज्यानं स्वतःची गोष्ट स्वतःच सांगून टाकली आहे, त्याचं काय करायचं? गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांचं उदाहरण घ्या. १९८४ चा त्यांचा पहिला गाजलेला अल्बम शिवोलीतल्या घरीच रेकॉर्ड झाला, वाद्यं त्यांनीच वाजवली, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत नेऊन दिल्या. पुढे २००७ मध्ये पद्मश्री आणि २०२१ मध्ये आत्मचरित्र. तुमच्या गायकाचीही अशी स्कूटर असेल, तर तुम्ही दुकानाच्या काउंटरमागे जाऊन उभं राहा. कॅसेटी ठेवून घेणाऱ्याला किती कमिशन होतं, परत किती गेल्या, गिऱ्हाईक गावचं होतं की सुट्टीवर आलेले खलाशी आणि गल्फवाले? गायकाला हे ठाऊक असेलच असं नाही.

प्रेमप्रकरणांबद्दल मी कडक आहे. गाण्यावर परिणाम झाला असेल आणि लेखी किंवा जाहीर पुरावा असेल तरच. नाहीतर सोडा, कितीही रंगतदार असो. कायदाही इथेच चावतो. १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक नोंदींत असलेलं संमतीशिवाय छापता येतं. त्यापलीकडे घर, लग्न, कुटुंब यांत शिरलात तर खासगीपणाचा भंग होऊ शकतो. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. आणि माणूस वारला म्हणजे मोकळं रान, असंही नाही: घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं मृताची बदनामी केली तर तीही गुन्हा ठरू शकते.

गाण्याच्या ओळी छापताना नव्या लेखकांचा मोठा गैरसमज असतो की चार ओळींना परवानगी लागत नाही. कायद्यात असा ओळींचा आकडा नाही. परीक्षण किंवा समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, म्हणून ओळ घेतलीत तर तिच्याबद्दल काही बोला. सजावटीला वापरू नका. फोटोचंही तेच. गायकाचा फोटो गायकाच्या मालकीचा असतोच असं नाही. फोटोग्राफर किंवा पेपर शोधा आणि पैसे किती ते आधी ठरवा.

प्रकाशकाच्या करारात ‘दावा झाल्यास सर्व खर्च लेखकाचा’ असं एक कलम हमखास असतं, बहुतेक शेवटच्या पानावर. त्यावर सही करण्याआधी हस्तलिखित वकिलाला दाखवायचा खर्च प्रकाशकानं उचलावा असं लिहून घ्या. मी मागितलं, तेव्हा प्रकाशक निम्म्यावर तयार झाला. मी सही केली.