ड्रॅग रेसिंगची जुनी कॉर्व्हेट घेताय? या चुका टाळा

जुन्या कॉर्व्हेटच्या, म्हणजे शेव्हरलेच्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारच्या, जाहिरातीत ‘पूर्वी ड्रॅग रेसिंगला वापरलेली’ असं वाचलं की घेणारे दोनपैकी एका टोकाला जातात. कोणी म्हणतं, पार पिळून काढलेली गाडी, नकोच. कोणी म्हणतं, घेऊ आणि कारखान्यातून निघाली होती तशी करून टाकू. मी दुसऱ्यांपैकी. डेट्रॉइटजवळ राहायला आल्यावर मी १९६२ची एक कॉर्व्हेट घेतली. मागच्या चाकांवरची बॉडी गोल कापलेली, बॉनेटला मोठं भोक, आत एकच सीट. तीन वर्षं खपून तिला ‘मूळ रूपात’ आणायला निघालो आणि त्या नादात जे घालवलं ते आता कुठूनही परत मिळणार नाही. तेव्हापासून ओळखीतलं कोणी अशी गाडी बघायला निघालं की मी आपणहून सोबत जातो.

या गाड्या ड्रॅग रेसिंगकडे वळल्या त्याला कारण होतं. १९५३ साली आलेल्या पहिल्या कॉर्व्हेटला साधं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. १९५५मध्ये व्ही-८ आलं, १९५७मध्ये फ्युएल इंजेक्शन. बॉडी फायबरग्लासची, म्हणून कापायला सोपी. वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही ड्रॅग रेसिंगची संस्था काढली होती, १९५५मध्ये कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडला तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, नॅशनल्स, भरली, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत कोण आधी जातो या खेळाला नियम आणि वर्ग मिळाले. आठवडाभर ऑफिसला नेलेली गाडी रविवारी शर्यतीच्या पट्टीवर उतरायची. तिच्यावर केलेलं प्रत्येक कापकाम कुठल्यातरी नियमाला धरून किंवा कुठल्यातरी हरलेल्या शर्यतीनंतर केलेलं असतं.

‘गॅसर’ म्हणजे गॅसवर चालणारी नव्हे

आपल्याकडे गॅसवरची गाडी म्हणजे सीएनजी किंवा एलपीजी. अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे गॅसोलीन, आपलं पेट्रोल. नायट्रोमिथेन किंवा अल्कोहोल न वापरता पेट्रोलवर धावायचं, असा तो वर्ग होता. त्यातल्या गाड्या त्या गॅसर. नाक वर केलेली दिसली की सरसकट गॅसर म्हणणं ही पहिली चूक, कारण गाडी कुठल्या वर्गात धावली हे कळलं तरच तिच्यावरचं काम वाचता येतं.

नाक वर का? क्लच सोडताच वजन मागच्या टायरवर यावं म्हणून. त्या काळचे टायर आजच्या मानाने निसरडे, त्यामुळे मिळेल तेवढं वजन मागे हवं असायचं. पण त्यालाही मर्यादा होती. गॅस वर्गात क्रँकशाफ्टचा मध्य जमिनीपासून २४ इंचांपेक्षा वर चालत नसे, आणि इंजिन मागे सरकवायचं तर दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या १० टक्क्यांपर्यंतच. १९६२पर्यंतच्या कॉर्व्हेटचं हे अंतर १०२ इंच, म्हणजे इंजिन साधारण १० इंच मागे. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, तेवढीच कापलेली दिसली तर कापणाऱ्याच्या हातात नियमपुस्तक होतं असं समजा.

बऱ्याच कॉर्व्हेट गॅस वर्गात धावल्याच नाहीत. दोन सीटांच्या गाड्यांसाठी स्पोर्ट्स प्रॉडक्शन आणि मॉडिफाइड स्पोर्ट्स प्रॉडक्शन असे वेगळे वर्ग होते. खिडकीच्या काचेवर किंवा दारावर ‘एसपी’, ‘एमएसपी’ अशी अक्षरं दिसली तर ती हीच. ‘बिग जॉन’ मॅझमेनियन हे नाव गॅसरच्या चाहत्यांना १९४१च्या विलिस गाडीमुळे पाठ असतं. त्याआधी त्यांचा दबदबा १९६१च्या सुपरचार्जर लावलेल्या कॉर्व्हेटमुळे होता. अशा गाडीला पुढे सरळ ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) घालून आज ‘गॅसर’ बनवणं म्हणजे तिचा इतिहास सुधारणं नव्हे, तो पुसून दुसरा लिहिणं आहे.

पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर हातात घेऊ नका

माझ्या गाडीच्या डाव्या दारावर लाल रंग होता, उन्हाने फिका पडलेला. मी तो पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. दुसऱ्या थराला पोचलो तेव्हा पांढरट काहीतरी उमटलं. जुनी लांबी (पुट्टी) असेल असं वाटलं आणि मी आणखी घासलं. हात थांबला तेव्हा समोर एका अक्षराची शेपटी उरली होती. ती लांबी नव्हती. कुणीतरी ब्रशने रंगवलेलं गाडीचं नाव होतं ते. ते नाव काय होतं, मला कधीच कळणार नाही.

त्या काळी ही नावं स्टिकरची नसत. आपल्याकडे ट्रकच्या फाळक्यावर पेंटर जशी फर्माशी अक्षरं काढतो, तसे तिकडचे पेंटर दारावर गाडीचं नाव, चालवणाऱ्याचं नाव, पैसे देणाऱ्या स्पीड शॉपचं, म्हणजे रेसिंगचे भाग विकणाऱ्या दुकानाचं, नाव काढत. गाडी विकली की नवा मालक वरून रंग मारायचा. अक्षरांचा उंचवटा मात्र रंगाखाली तसाच राहतो.

म्हणून आधी अंधारात टॉर्च दाराला जवळजवळ चिकटवून तिरका प्रकाश टाका आणि फोटो काढा. उंचवट्याची सावली पडते. मग जिथे अक्षर असण्याची शक्यता नाही अशा कोपऱ्यात, बिजागराजवळ, नाण्याएवढी जागा हलक्या हाताने घासा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे रंगांचे थर एकात एक दिसतात. कुठल्या रंगापर्यंत जायचं ते तिथे ठरवा, दारावर नाही.

बॉडीच्या आतूनही बघा. कारखान्यातले फायबरग्लासचे तुकडे सांध्यांवर आतून पट्ट्या चिकटवून जोडलेले असतात. पुढची अख्खी बॉडी एकसंध असेल, आतून खरखरीत असेल आणि पट्ट्या नसतील, तर ती नंतर बसवलेली. पण ‘नंतर’ म्हणजे १९६५ की २००५, हे ठरवल्याशिवाय ती काढून फेकू नका. रेसर हलकी एकसंध बॉडी मुद्दाम लावत. ग्रिलसमोरची मून कंपनीची ॲल्युमिनियमची छोटी पेट्रोल टाकीही लोक अशीच भंगारात घालतात.

विकणाऱ्याची गोष्ट तारखांशी ताडून बघा

विकणारा खोटंच बोलत असतो असं नाही. बहुतेकदा त्याला आधीच्या मालकाने सांगितलेलं असतं. पण तारखा कुणाची भीड ठेवत नाहीत. सुरुवातीच्या दिव्यांचा खांब, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, तो एनएचआरएच्या नॅशनल्सला १९६३मध्ये आला. त्याआधी झेंडा हलवणारा माणूस असे. ‘१९६१चा फोटो’ म्हणून दाखवलेल्या चित्रात दिव्यांचा खांब असेल तर वर्ष चुकलंय. नॅशनल्स १९५९ आणि १९६०मध्ये डेट्रॉइट ड्रॅगवेवर झाल्या, १९६१पासून इंडियानापोलिसला. कॅलिफोर्नियातली लायन्सची पट्टी १९७२च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा ‘१९७४ला लायन्सवर जिंकली’ हे शक्य नाही.

गाडीवरचे भागही साक्ष देतात. सरळ ॲक्सलच्या अनेक गाड्यांवर शेव्हरले व्हेगाचा स्टीअरिंग बॉक्स दिसतो. व्हेगा १९७१च्या मॉडेलची गाडी. म्हणजे ‘१९६४पासून अशीच आहे’ असं सांगितलेल्या गाडीवर तो बॉक्स असेल तर निदान स्टीअरिंग तरी नंतरचं.

आता इंजिनाच्या नंबराकडे या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. १९६०पासून १९६२पर्यंतच्या कॉर्व्हेटचा गाडी नंबर बॉनेटखाली स्टीअरिंगच्या नळीवर असतो. इंजिनावर तोच क्रमांक उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले की भाव चढतो. पण ड्रॅगवाले इंजिन उघडलं की ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर घासून घेत, आणि नंबराची जागा त्याच पातळीत येते. घासलं की नंबर गेला. त्यामुळे रेस केलेल्या इंजिनावर कोरी जागा दिसणं ही प्रामाणिक खूण आहे. ब्लॉक घासलेला आहे आणि नंबर मात्र लख्ख, ताजा आहे, तिथे सावध व्हा. मग ब्लॉकच्या मागच्या टोकाला ओतकामाची तारीख शोधा. महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ २’ म्हणजे १४ मार्च १९६२. इंजिन ओतलं त्याआधी गाडी बाहेर पडलेली असू शकत नाही.

आणि मूळ इंजिन नाही म्हणून नाक मुरडू नका. रेस गाडीत इंजिनं उडायची, बदलायची. ती हरवलेली वस्तू नाही, खर्ची पडलेली आहे.

कॅरोल शेल्बी यांच्या कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हीच काळजी दहापट घ्या. पहिल्या कोब्रात फोर्डचं इंजिन १९६२मध्ये डीन मून यांच्या सँटा फे स्प्रिंग्जमधल्या शॉपमध्ये बसवलं गेलं. हे तेच मून, ज्यांच्या टाक्या आपण वर पाहिल्या. पुढे शेल्बीने ड्रॅगसाठी तयार केलेल्या ‘ड्रॅगनस्नेक’ कोब्रा मोजक्याच, नकला मात्र उदंड. एका ड्रॅगनस्नेकचे मालक ब्रूस लार्सन १९८९मध्ये एनएचआरएच्या फनी कार या वर्गाचे विजेते झाले, त्यामुळे त्या नावाभोवती वलय आहे आणि वलयाला किंमत आहे. सीएसएक्स क्रमांकाचा, म्हणजे कोब्राच्या चॅसी नंबरचा, माग कागदावर लागत नसेल तर गाडी कितीही देखणी असो, नकलेच्याच भावाने घ्या.

गाडी चालायला लागल्यावर

पुढचं चाक थरथरतं, स्टीअरिंग हातातून सुटेल असं वाटतं. सरळ ॲक्सलच्या गाडीची ही नेहमीची तक्रार. लोक लगेच स्टीअरिंग डॅम्पर लावतात. त्याने थरथर दबते, रोग तसाच राहतो. आधी किंगपिनची (ज्या खिळ्यावर चाक वळतं त्याची) ढिलाई बघा, मग टायरची हवा, मग कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकाव. ५ ते ७ अंश मागे झुकलेला किंगपिन साधारण ठीक. पाट्याखाली पाचर घालून तो मिळवता येतो.

इंजिन दहा मिनिटांत तापतं? रेडिएटर बदलण्याआधी पाणी काढून ब्लॉकच्या बाजूची गोल झाकणं (वेल्च प्लग) उघडा आणि आत तार घाला. सिलिंडर हलू नयेत म्हणून काही रेसर पाण्याच्या पोकळ्यांत सिमेंटसारखा भराव ओतत. पाव मैल धावायला ते चालतं. रहदारीत तासभर उभं राहायला नाही, आणि ब्लॉक बदलण्यावाचून त्यावर चांगला उपाय नाही.

चढावर खडखड वाजत असेल तर नॉकिंग. १९६२च्या ३२७ इंजिनाच्या सगळ्यात ताकदवान प्रकारात कॉम्प्रेशन ११.२५ होतं, आणि तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं. आजच्या पेट्रोलवर टायमिंग मागे घ्या किंवा हेड गॅस्केट जाड घाला. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग सुरू झाल्यापासून पुण्याचे मित्र ऑक्टेनबद्दल विचारतात. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ आणि भारतातला ९५ जवळपास एकाच पातळीचे, मोजण्याची पद्धत वेगळी. भारतात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल घालणार असाल तर जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची गॅस्केटं आधी बदला.

१९६३पासूनच्या स्टिंग रेमध्ये मागचं सस्पेन्शन स्वतंत्र. तिथे सुटण्याच्या झटक्याने हाफशाफ्टचे (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे) क्रॉस तुटतात. गिअर टाकताना ‘टक’ आवाज आला तर पुढच्या शर्यतीची वाट बघू नका. जुन्या रेसरांनी तिथे पाँटिॲक किंवा फोर्डचा अखंड ॲक्सल घातला असेल तर तो बहुधा याच कारणाने.

हे सगळं एकीकडे आणि क्लचचं घर एकीकडे. मूळ ओतीव फ्लायव्हील सहा-सात हजार आरपीएमला फुटलं तर तुकडे फायरवॉल फोडून थेट पायांवर येतात. यात पाय गेलेली माणसं आहेत, म्हणूनच पोलादी घराची सक्ती आली. चिकट टायर लावून जुन्या ॲल्युमिनियमच्या घरावर एकही धाव घेऊ नका, ‘फक्त एकदा व्हिडिओसाठी’ सुद्धा नाही. फ्लायव्हील पोलादी, घर पोलादी, मगच पट्टी.

रोल बारचंही तसंच. १९६०च्या दशकातले बार कधीकधी नळाच्या किंवा सायलेन्सरच्या पाइपचे. एनएचआरए आज ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पोचणाऱ्या गाडीला बार मागते, उघड्या गाडीला १३.४९पासूनच. जुना बार कापून टाकू नका. बोल्ट काढून, फोटो काढून, जपून ठेवा आणि धावायला नवा प्रमाणित बार बसवा.

माझ्या गाडीचं डावं दार आता रंगवलेलं आहे. उजव्याला हात लावलेला नाही. तिरक्या टॉर्चने घेतलेल्या फोटोत खालच्या कडेला ‘स्पीड शॉप’ एवढं वाचता येतं आणि शेजारी फोन नंबरची सुरुवातीची दोन अक्षरं. तेव्हा इथल्या फोन नंबरांची सुरुवात अक्षरांनी व्हायची, ती अक्षरं एक्स्चेंजच्या नावावरून घेतलेली. डेट्रॉइटच्या जुन्या डिरेक्टऱ्या लायब्ररीत आहेत. १९६३ची बघून झाली. १९६४ची पुढच्या शनिवारी.