अल्युमिना नाहीतर सिलिकॉन कार्बाइड जोडायचंय? आधी टेम्परेचर ठरवा

भोसरी एमआयडीसीत अल्युमिनाची (म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची) ट्यूब आणि स्टीलचा फ्लँज (ट्यूबला जोडायची कडेची चकती) घेऊन आलेला माणूस पहिलं विचारतो, कुठला ग्लू चालेल? अहो, आधी सांगा जॉइंट चालताना किती तापणार आणि तिथे हवा आहे की व्हॅक्यूम. सगळं त्यावरच ठरतं.

सिरॅमिकला धातू जोडायचा आणि जॉइंट ४०० डिग्रीच्या आत राहणार असेल तर ॲक्टिव्ह ब्रेझिंग करा, म्हणजे दोन्हींमध्ये टायटॅनियम मिसळलेला धातू (फिलर) वितळवून जोडा. साधं चांदी-तांब्याचं फिलर अल्युमिनावर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं, त्यात थोडं टायटॅनियम असलं की ते सिरॅमिकशी रिॲक्ट होतं आणि मग फिलर नीट पसरतं. ७८० च्या आसपास वितळतं, भट्टी ८३०-८५० ला न्यायची, व्हॅक्यूम चांगलाच हवा नाहीतर टायटॅनियम हवेतच जळून जातं. आणि गुरुवारी भट्टी लावू नका, मेंटेनन्सला लाईट गेली की पंप बंद आणि जॉब गेला.

बहुतेक जॉब फुटतात ते थंड होताना. अल्युमिनाचं प्रसरण साधारण ८, ३०४ स्टीलचं १७ (दर डिग्रीला, दहा लाखात), म्हणजे स्टील दुपटीने आकसतं आणि सिरॅमिकला ओढतं. म्हणून मध्ये कोव्हार (लोखंड-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू) नाहीतर नायोबियम अशा कमी प्रसरणाच्या धातूची रिंग घाला, आणि भट्टी मिनिटाला ३-४ डिग्रीनेच उतरवा, घाईत दार उघडू नका.

जॉइंट हजार डिग्रीच्या वर, तेही हवेत, चालणार असेल तर चांदीचं फिलर विसराच. सिलिकॉन कार्बाइडला (हेही सिरॅमिकच) सिलिकॉन कार्बाइड जोडायचं तर फटीत कार्बनची पेस्ट भरून वितळलेलं सिलिकॉन आत ओढून घेतात, तिथेच कार्बाइड तयार होतं. पण थोडं सिलिकॉन उरतंच आणि ते १४१४ ला वितळतं, त्यामुळे १३५० च्या पुढे भरवसा ठेवू नका. लोड फार नसेल, गळतीचीही पर्वा नसेल तर अल्युमिना सिमेंट पुरतं, फक्त रात्रभर सुकवून मग ९० डिग्रीला काही तास ठेवा, पावसाळ्यात अजून जास्त, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन सिमेंट उडतं.

शेवटी क्रॅक शोधायला लाल डाय लावून पुसा आणि डेव्हलपर (क्रॅकमध्ये शिरलेला रंग वर ओढून दाखवणारी पांढरी पावडर) मारा. क्रॅक बहुतेक जॉइंटच्या रेषेवर नसते, कडेपासून जरा आत सिरॅमिकमध्ये केसाएवढी वळलेली असते. दिसली तर परत ब्रेझ करून बुजत नाही, तो पीस बाद.