औषधं चालू असताना लिव्हर जपताय? या चुका टाळा

शिवाजी पार्कच्या फेरीनंतर दुधी, आवळा, गुळवेल असा एखादा रस पिणारे मुंबईत कमी नाहीत. (दुधीचा रस कडू लागला तर तिथेच थुंका, तो विषारी असू शकतो.) खरा गोंधळ होतो तो टीबीची किंवा इतर औषधं चालू असताना 'लिव्हरला चांगलं' म्हणून असलं काही परस्पर सुरू केलं की.

झाडपाल्याचं आहे, म्हणून अपाय नाही, हा सगळ्यात महागात पडणारा समज. कोविडच्या धास्तीने गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं, वाद झाला. पण आधीच लिव्हरवर ताण देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने हा प्रयोग स्वतःवर कशाला करावा? हळदीचंही तेच. आमटीतली हळद खुशाल खा. मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) कॅप्सूलची गोष्ट वेगळी: मिरीमुळे कर्क्युमिन कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि अशा कॅप्सूलनी कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टी प्या, त्याच्या अर्काच्या गोळ्या नकोत.

दुसरी चूक पॅरासिटामॉलची. तापाची एक गोळी, वर सर्दीची, वर अंगदुखीची, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल! धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको. दारू पिणाऱ्याला, अशक्त माणसाला त्याहून कमी. डोस फार झाला की लिव्हरमधलं ग्लुटाथायोन, म्हणजे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, संपतं आणि पेशी मरू लागतात. त्यावर उतारा एन-ॲसिटाइलसिस्टीनचा, तोही पहिल्या आठ तासांत मिळाला तर उत्तम. त्रास जाणवेपर्यंत थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आवळ्याच्या रसाने हे काम होत नाही.

टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. मात्र लघवी केशरी झाली म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात पाहा. तो पिवळा दिसला, अन्नावरची वासना उडाली, उलट्या होऊ लागल्या, तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एसजीपीटी, बिलिरुबिन या लिव्हरच्या रक्ततपासण्या पाहून कोणतं औषध थांबवायचं आणि कोणतं कधी परत सुरू करायचं, ते तेच ठरवतील. जाताना गोळ्यांच्या पाकिटांसोबत चूर्णाची बाटलीही पिशवीत टाका. 'ते काय, घरगुतीच आहे' म्हणून ती नेमकी घरी राहते.