तलाठी-ग्रामसेवक भरतीची तयारी करताय? आधी महसूल आणि पंचायत राज या दोन शिड्या वेगळ्या करा

७३वी-७४वी घटनादुरुस्ती (पंचायती आणि नगरपालिकांची) तुम्ही वाचलेली असणारच, ती परत सांगत नाही. पेपरात माझे मार्क सारखे जिथे जायचे तेवढंच सांगतो.

क्लासच्या नोट्समध्ये गाव, तालुका, जिल्हा अशी एकच उतरंड काढतात आणि तलाठी, सरपंच, तहसीलदार, सभापती सगळे तिच्यातच कोंबतात. ती उतरंड फाडून टाका. शिड्या दोन आहेत. महसुलाची म्हणजे तलाठ्याचा सज्जा (त्याच्याकडची गावं), मग सर्कल (मंडळ अधिकारी), तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), कलेक्टर आणि वर विभागीय आयुक्त, याला कायदा जमीन महसुलाचा, १९६६चा. दुसरी पंचायत राजची, ग्रामपंचायत (कायदा १९५८), पंचायत समिती आणि झेडपी म्हणजे जिल्हा परिषद (दोन्हींना कायदा १९६१चा), बस, ती जिल्ह्यातच संपते. शिड्या वेगळ्या म्हणून तर कोकण विभागात जिल्हे ७ आणि झेडपी ५च, कारण मुंबई शहर आणि उपनगरला झेडपीच नाही, राज्यातही जिल्हे ३६ नि झेडपी ३४. सरपंच तलाठ्याचा साहेब नाही आणि तलाठी सरपंचाचा नाही, हे डोक्यात पक्कं बसू दे.

घरातलेच कागद काढून बघा. जमिनीचे सातबारा आणि आठ अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) तलाठ्याकडचे, घराचा नमुना ८ ग्रामपंचायतीचा. आठ अ आणि नमुना ८ एकच समजलात तर मार्क गेलेच.

आता सगळ्यात वाईट फसवणारा भाग, शहर. चिपळूणला नगरपरिषद, गुहागरला नगरपंचायत. पंचायत समितीचं ऑफिस चिपळूण शहरात आहे म्हणून शहर तिच्याखाली येतं असं वाटतं, पण नाही येत, तिचं काम तालुक्यातल्या ग्रामपंचायतींपुरतं. तहसीलदार मात्र शहराला आणि गावांना एकच. पनवेलमध्ये २०१६ला महापालिका झाली तरी हद्दीबाहेरची गावं रायगड झेडपीतच राहिली. हे एकदा कळलं की पर्याय कितीही फिरवून दिले तरी घाबरायला होत नाही, खरंच सांगतो.

मुख्यालयंही बघून ठेवा, संगमेश्वर तालुक्याचं देवरुखला आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचं ओरोसला, तेही कुडाळ तालुक्यात.

ट्रिकवाल्या व्हिडिओंवर माझा अजिबात विश्वास नाही. त्यापेक्षा वाडीतले कोणी रिटायर ग्रामसेवक असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा, घरपट्टी कोण ठरवतं, फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) कोण मंजूर करतं एवढंच विचारा, ते कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट सांगतात. उशीर झालाय असं वाटत असेल तर नाही झालेला, हा टॉपिक तसा छोटा आहे.

आणि जुने पेपर सोडवताना लक्षात ठेवा, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झालेत, नवीन पेपरात ही नावं दिसली तर गांगरू नका, काम तेच आहे.