लिनक्ससाठी जुना लॅपटॉप अपग्रेड करताय? आधी या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर मिंट किंवा उबंटू हे लिनक्स टाकलं. सिस्टिम सुरू होते, पण फायरफॉक्स उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मग कोणीतरी सल्ला देतं, ‘१६ जीबी रॅम टाक.’ आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

खरेदीआधी मशीन कशापायी अडतंय ते बघा. ते रेंगाळलेलं असतानाच टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘टॉप’ (top) चालवा आणि वरच्या ओळींतला ‘डब्ल्यूए’ (wa) हा टक्क्यांतला आकडा पाहा. चार कोअरच्या प्रोसेसरवर तो सतत २५च्या आसपास असेल, तर जवळपास एक अख्खा कोअर डिस्कची वाट बघत बसलाय. तरीही लगेच डिस्कला दोष देऊ नका. रॅम कमी पडून स्वॅपिंग (रॅममधला डेटा डिस्कवर हलवणं) चालू असलं तरी हाच आकडा चढतो. ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) चालवून ‘एसआय’ (si) आणि ‘एसओ’ (so) हे रकाने बघा: ते सतत हलत असतील तर रॅम घ्या, शून्यावरच असतील तर पैसे एसएसडीत (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कमध्ये) घाला. ‘फ्री’ (free) कमांडमधला ‘फ्री’ रकाना बघून तर अजिबात घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडतं. खरा आकडा ‘अव्हेलेबल’चा.

५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) हार्डडिस्क असेल तर माझ्या मते फार विचार करायला नको. तिची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या तर सेकंदाला शंभरएक वाचनांतच तिचा दम संपतो. साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी हजारोंनी वाचते. जुन्या मशीनवर एनव्हीएमई या आणखी वेगवान प्रकारच्या एसएसडीसाठी जास्त पैसे मोजण्यात मात्र रोजच्या कामापुरता फारसा अर्थ नाही. शिवाय एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) दिसला म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नसतं. काही स्लॉट फक्त साटा घेतात. आधी लॅपटॉपचं मॅन्युअल बघा.

रॅममध्येही अशीच फसगत होते. चौथ्या-पाचव्या पिढीच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ स्लॉटमध्ये बसते छान, पण मशीन अनेकदा चालूच होत नाही. सध्या कोणती पट्टी आहे ते ‘डीएमआयडीकोड’ (dmidecode) ही कमांड सांगते.

डेस्कटॉपवाल्यांनी एनव्हिडियाचं सेकंडहँड कार्ड घेताना जपून. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांवर नूवो हा मुक्त ड्रायव्हर कार्डाला पूर्ण वेगाने पळवू शकत नाही. कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. त्यापेक्षा एएमडी बरं, त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) असतो.

पंखा घोंघावतोय, लॅपटॉप तापतोय? धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. तापलेला प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.

एसएसडी बसवल्यावर बूट उलट लांबलं, स्क्रीनवर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ येऊन दीड मिनिट मोजलं जातंय, तर एसएसडी बदलायला दुकानात पळू नका. बहुधा जुन्या डिस्कवरच्या स्वॅप पार्टिशनची ओळख ‘एफएसटॅब’ (fstab) या डिस्कांच्या यादीच्या फाइलीत तशीच राहिलेली असते आणि सिस्टिम सुरू करणारा सिस्टिमडी हा प्रोग्रॅम त्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतो. ‘बीएलकेआयडी’ (blkid) कमांडने नवी यूयूआयडी (पार्टिशनची ओळख) काढून तिथे लिहा. नवीन डिस्कवर स्वॅप पार्टिशनच नसेल, तर त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकून रीस्टार्ट करा.