फॅन्टसी वॉरगेममध्ये मूळ कथा पण जपायची आणि डाव पण रंगवायचा, ते कसं जमवायचं

फॅन्टसी वॉरगेम म्हणजे काल्पनिक जगातली लढाई टेबलवर छोट्या पुतळ्यांनी (मॉडेलनी) आणि फाशांनी खेळायची. तो खेळणारे दोन जण एका टेबलाशी बसले की हा वाद कधी ना कधी निघतोच. एक म्हणतो पुस्तकात असं घडलंच नव्हतं, हा हीरो कुठल्याशा ऑर्कच्या, म्हणजे दुष्ट बाजूच्या साध्या राक्षसी सैनिकाच्या हातून मरूच कसा शकतो, आणि दुसरा म्हणतो मग फासे तरी कशाला टाकायचे, पुस्तकच वाचत बसू की. मला दोघांचंही म्हणणं पटतं, कारण दोघांचंही त्या कथेवर प्रेम आहे. यातून वाट अशी काढायची की कथेतला निकाल टेबलवर आणायचा नाही, त्या माणसांपुढे जो पेच होता तो आणायचा. पेच नीट उतरला की निकाल कुठेही जाऊ दे, डाव त्याच कथेचा वाटतो. स्वतःचा सिनारिओ, म्हणजे एका ठराविक लढाईची मांडणी बनवणार असाल किंवा तयार गेममध्ये हाउस रूल, म्हणजे घरचे नियम घालणार असाल, दोन्हीला हे चालेल. उदाहरणं लॉर्ड ऑफ द रिंग्ज या कादंबरीची आणि तिच्यावरच्या सिनेमांची घेतोय, ती बहुतेकांना माहीत असतात म्हणून.

सगळ्यात आधी समोरच्या भिडूशी हे ठरवून घ्या की मूळ कथा म्हणजे नक्की कुठली. हेल्म्स डीपची लढाई घ्या, त्यात थोडी माणसं किल्ल्यात अडकलेली असतात आणि बाहेरून ऑर्कांचं प्रचंड सैन्य चाल करून येतं. 2002 च्या सिनेमात हॅल्दिर एल्फांची (माणसांसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जमातीची) तुकडी घेऊन मदतीला येतो, पुस्तकात अशी तुकडी येतच नाही, तिथे एल्फ म्हणजे एकटा लेगोलस. एकाने सिनेमा धरलाय आणि दुसऱ्याने पुस्तक, हे मॉडेल मांडून झाल्यावर कळलं तर अख्खी संध्याकाळ त्यातच जाते. हे दोन मिनिटांचं काम आहे, आधीच उरकून टाका.

मग मॉडेलना हात लावायच्या आधी कागदावर दोन्ही बाजूंचं तीन-तीन ओळीत लिहा: यांना काय हवंय, यांच्याकडे कशाची टंचाई आहे, आणि यांना भीती कशाची आहे. हेल्म्स डीपमध्ये आतल्यांना जिंकायचं नाहीये, पहाटेपर्यंत तग धरायचाय, माणसं कमी आहेत आणि भिंत फुटायची धास्ती आहे. बाहेरच्यांकडे माणसं हवी तेवढी आहेत पण वेळ नाही. हे एकदा लिहिलं की अर्धे नियम आपोआप सुचतात, आणि पुढे कुठल्या नियमावर वाद झाला तर हाच कागद काढून बघायचा की हा नियम यातली कुठली ओळ टेबलवर आणतोय. एकही ओळ आणत नसेल तर खुशाल काढून टाका, मग तो पुस्तकात कितीही ठळक लिहिलेला असो.

आता आकड्यांचा प्रश्न, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. सिनेमात एल्फ यायच्या आधी 300 विरुद्ध 10,000 असा हिशोब सांगतात, म्हणजे एकाला जवळजवळ 33. हे प्रमाण जसंच्या तसं ठेवलं तर 20 जणांच्या समोर साडेसहाशेच्या वर ऑर्क लागतील, ते रंगवणार कोण आणि एका टर्नला हलवणार कोण. म्हणून 20 विरुद्ध 60 ठेवा, आणि मेलेल्या ऑर्कांपैकी 6 दर टर्नच्या शेवटी टेबलच्या कडेवरून परत आत आणा. आतल्यांचा मेलेला मात्र मेला. बघा, टेबलवर गर्दी आटोक्यात राहते पण आतल्या भिडूला ते न संपणाऱ्या लाटेचं टेन्शन बरोबर येतं. वॉर ऑफ द रिंग हा 2004 चा बोर्डगेम हेच मोठ्या नकाशावर करतो, सावलीच्या, म्हणजे दुष्ट बाजूचं मेलेलं सैन्य पुन्हा भरतीत जातं आणि चांगल्या बाजूचं कायमचं बाहेर, आणि वर चांगल्या बाजूला लढाईने जिंकायचं किंवा कथेतली ती जादूची अंगठी नष्ट करून जिंकायचं अशा दोन वाटा आहेत. सैन्याच्या जोरावर जिंकणं अवघड, म्हणून जीव त्या अंगठीच्या प्रवासात अडकतो. कथेशी इतका इमानदार आणि तरी इतका चुरशीचा गेम मला दुसरा माहीत नाही.

पहाट कधी होते हे नक्की टर्न सांगून ठरवू नका, नाहीतर शेवटच्या टर्नला बाहेरचा भिडू सगळं झोकून देतो आणि आतला नुसता दिवस मोजत बसतो. आठव्या टर्नच्या शेवटी एक फासा टाका, 5 किंवा 6 आला तर पहाट. नवव्याला 4 पासून पुढे, दहाव्याला 3 पासून पुढे, अकराव्याला नक्की. नवव्या टर्नच्या शेवटापर्यंत पहाट होण्याची शक्यता तीनात दोन निघते, म्हणजे बाहेरच्याला थांबून चालत नाही आणि आतल्याला आशा सोडून चालत नाही.

हीरो किती ताकदवान ठेवायचा हा जुनाच प्रश्न आहे. 1971 च्या चेनमेल या वॉरगेममध्ये हीरो म्हणजे चार माणसांच्या बरोबरीचा आणि सुपरहीरो आठच्या, इतकं सरळ गणित होतं. मला स्वतःला 2001 पासून चालत आलेल्या लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या मिनिएचर गेममधली पद्धत जास्त आवडते, तिथे हीरोकडे माइटचे, म्हणजे ताकदीचे मोजके पॉइंट असतात, एक पॉइंट खर्च केला की फाशावरचा आकडा एकने वाढतो, आणि साधारणपणे खर्च झालेला परत मिळत नाही. त्यामुळे हीरो सुरुवातीला कापत सुटतो, मग चारी बाजूंनी घेरला जातो, पॉइंट संपतात, आणि शेवटी एखादा साधा ऑर्क त्याला पाडू शकतो. कथेतला योद्धा बोरोमिर असाच पडला ना, भोवती ऑर्कांचा खच आणि अंगात बाण. तेव्हा तो मरूच शकत नाही असा नियम करण्यापेक्षा त्याला हळूहळू झिजवणारा नियम करा, तो कथेच्या जास्त जवळ जातो.

भविष्यवाणी आली की जरा जपून. दुष्ट बाजूचा सेनापती विच-किंग पुरुषाच्या हातून पडणार नाही, शेवटी तो एओविन ही लढवय्यी स्त्री आणि मेरी हा बुटका हॉबिट यांच्यामुळे पडतो, हे सगळ्यांना पाठ. पण नियम असा लिहिला की फक्त एओविनच त्याला मारू शकते, तर बाकी सगळे त्याच्यापासून पळतात आणि विच-किंगवालासुद्धा तिच्यापासून लांब राहतो, म्हणजे ज्या क्षणासाठी सिनारिओ मांडला तो क्षणच येत नाही. त्यापेक्षा असं करा: बाकी कुणाचाही घाव लागला तर विच-किंग जखमी होत नाही, फक्त एक टर्न मागे हटतो. एओविनला घाव घालायला 4 पासून पुढे लागतो, आणि मेरी त्याला भिडलेला असेल तर फसलेला फासा एकदा परत टाकता येतो, म्हणजे अर्ध्यावरची शक्यता पाऊणवर जाते. आणि विच-किंगने राजा थिओडेनला पाडलं तर विच-किंगच्या भिडूला जिंकण्याचे इतके पॉइंट द्या की त्याला पुढे यावंच लागेल. आता दोघांनाही तिथे जायचं कारण आहे आणि छोट्याशा मेरीला तिथपर्यंत पोचवणं हाच एक वेगळा डाव होतो.

कोण कोणाबरोबर लढू शकतो याबद्दल जास्त लिहीत नाही. बंदी घालण्यापेक्षा बक्षीस द्या, कथेत खरंच एकत्र लढलेल्यांना छोटा बोनस, बाकीच्यांना तो नाही, बस. ज्याला नुसती मजा हवी तो बोनस सोडून आवडते मॉडेल आणतो, कुणाचं काही अडत नाही.

शेवटी टेस्टिंग, आणि हे टाळू नका. तोच सिनारिओ बाजू बदलून लागोपाठ दोनदा खेळा. डाव तिसऱ्या टर्नलाच संपल्यासारखा वाटला तर आधी जिंकायची अट बदला, मॉडेलच्या ताकदीचे आकडे नंतर, कारण आकडे बदलले की ऑर्क ऑर्कसारखा राहत नाही आणि कथावाला भिडू रुसतो तो बरोबरच रुसतो. हरणाऱ्या बाजूलाही कमवायला काहीतरी ठेवा, जसं की पहाट झाली तरी ऑर्कांनी दरवाजा फोडला असेल तर त्याचे वेगळे पॉइंट. दोन्ही वेळा एकच बाजू जिंकली तर परत येणारे 6 ऑर्क 5 किंवा 7 करून बघा, एका वेळी एकच आकडा हलवा म्हणजे कशामुळे काय झालं ते कळतं.